कव्हरवरचा भिक्खू आणि रंग गेलेला ध्वज

उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो. एका रविवारी एक मुलगा काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर चित्र होते, ज्वाळांमध्ये पद्मासनात बसलेल्या एका भिक्खूचे. आम्ही विचारले, "हे कोण?" तो म्हणाला, "रेज अगेन्स्ट द मशीन." आम्ही म्हटले, "ते बँडचे नाव झाले. हा माणूस कोण?" तो गप्प झाला. वर्गातल्या वीस-बावीस जणांना विचारले, कुणालाच सांगता आले नाही. एकाने अंदाज बांधला, "तिबेटचा असेल."

त्या मुलांना हसायचे कारण नाही. कॉलेजात असताना हीच गाणी आम्हीही ऐकली, हेच कव्हर हाताळले, आणि आम्हालाही या भिक्खूचे नाव माहीत नव्हते. म्हणूनच हा लेख. एका रॉक अल्बमचे कव्हर बघता बघता आपल्या पंचशील ध्वजापर्यंत आणि दीक्षाभूमीपर्यंत कसे यावे लागते, ते आम्हाला मांडायचे आहे. आणि एक तक्रारही आहे, ती सर्वात आधी आपल्या स्वतःविरुद्ध आहे.

कव्हर काय दाखवते

'रेज अगेन्स्ट द मशीन' हा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा बँड १९९१ साली उभा राहिला. त्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम नोव्हेंबर १९९२ मध्ये आला. गायक झॅक दे ला रोचा याचे वडील मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, म्हणजे चिकानो चळवळीतले चित्रकार. गिटारवादक टॉम मोरेलो याचे वडील केनियाचे, आणि तो स्वतः हार्वर्डमधून सोशल स्टडीज (सामाजिक शास्त्रे) शिकलेला. पोलीस, वंशवाद, शाळेतून शिकवला जाणारा खोटा इतिहास हे या गाण्यांचे विषय. हे लोक चळवळीच्या घरातून आलेले होते. त्यांनी हे चित्र केवळ सनसनाटीसाठी उचलले, असे आम्ही म्हणणार नाही.

आता कव्हर नीट बघू. बँडच्या नावात संताप आहे, यंत्राविरुद्धचा संताप. 'यंत्र' म्हणजे माणसाला चिरडणारी व्यवस्था. पण चित्रातल्या माणसाकडे संतापाचा मागमूस नाही. पाठ ताठ, मांडी घातलेली, देह स्थिर. अवतीभवती आग आणि मध्ये निश्चलता. नाव ओरडते आणि चित्र गप्प बसते. या विरोधातून कव्हरला ताकद मिळते. बघणाऱ्याला वाटते की या माणसाच्या शांततेपुढे आपला आरडाओरडा फार लहान आहे.

कव्हर काळे-पांढरे आहे. मूळ छायाचित्रच तसे आहे. आणि पुढच्या बाजूला त्या माणसाचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, मागणी नाही. बघणारा फक्त एवढेच घेतो की कुणीतरी, कुठेतरी, कशाविरुद्ध तरी जळतो आहे.

भांडण ध्वजाचे होते

त्या माणसाचे नाव थिच क्वांग डुक. स्थळ सायगॉन, दक्षिण व्हिएतनामची तेव्हाची राजधानी. तारीख ११ जून १९६३. 'थिच' हे त्यांचे आडनाव नव्हते. व्हिएतनाममध्ये प्रव्रज्या घेणारा प्रत्येक भिक्खू आणि भिक्खुणी हे नाव लावतो, आणि त्याचा अर्थ होतो 'शाक्य'. घरदार, कुळ सोडून माणूस शाक्यमुनींच्या कुळात येतो. आपल्याकडेही धम्मदीक्षेनंतर कितीतरी घरांनी जुनी जातिवाचक आडनावे टाकून शाक्य, गौतम, बौद्ध अशी नावे घेतली. त्यामुळे हे नाव आपल्याला परके वाटायचे कारण नाही.

दक्षिण व्हिएतनामात बहुसंख्य जनता बौद्ध होती. राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम कॅथलिक होते आणि त्यांच्या राजवटीत नोकऱ्या, बढत्या, जमिनी यांत कॅथलिकांना झुकते माप होते. फ्रेंच वसाहतीच्या काळातला एक हुकूम तसाच चालू होता. त्यानुसार बौद्ध धर्माची गणना साध्या संस्थांमध्ये होई आणि कॅथलिक चर्चला मात्र त्यातून सूट होती. दिएम यांचे थोरले भाऊ हुए शहराचे आर्चबिशप होते. मे १९६३ मध्ये त्यांच्या सन्मानाच्या सोहळ्यात व्हॅटिकनचे झेंडे उघड फडकले. त्यानंतर काही दिवसांतच बुद्धपौर्णिमा आली आणि सरकारने फर्मान काढले की बौद्ध ध्वज लावायचा नाही.

८ मे रोजी हुएमध्ये लोक जमले. त्यांच्यावर सरकारी शस्त्रे चालली. लहान मुलांसह आठ-नऊ माणसे मेली. सरकारने दोष कम्युनिस्टांवर ढकलला. त्यानंतर बौद्धांनी पाच मागण्या मांडल्या: ध्वजावरची बंदी उठवा, बौद्धांना कॅथलिकांच्या बरोबरीचा दर्जा द्या, धरपकड थांबवा, धर्माचे आचरण आणि प्रसार यांचे स्वातंत्र्य द्या, मृतांच्या घरच्यांना भरपाई आणि दोषींना शिक्षा द्या. या मागण्या वाचून नागपूरच्या माणसाला जुनी ओळख पटते. नाव बदलते, देश बदलतो, मागणी तीच राहते, बरोबरीच्या माणुसकीची. धर्म बदलला म्हणून आपल्या बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींपासून १९९० सालापर्यंत दूर ठेवले गेले, हे आपल्या घराघरात माहीत आहे. एक फरक मात्र विसरू नये. ते तिथे बहुसंख्य होते, आपण इथे अल्पसंख्य आहोत.

आणि तो ध्वज कोणता? आपल्या विहारावर, दीक्षाभूमीवर, लग्नाच्या मांडवात लागतो तोच. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि शेवटी या पाचांचा मिळून सहावा पट्टा. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत कोलंबोला तयार झाला. ब्रिटिश राजवटीत, मिशनऱ्यांच्या दबावाखाली असलेल्या बौद्धांना एक सामायिक खूण हवी होती. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स या संघटनेने तो जगभरच्या बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. याच संघटनेच्या १९५० च्या पहिल्या परिषदेला बाबासाहेब श्रीलंकेत हजर होते. म्हणजे ज्या जागतिक बौद्ध बंधुत्वाकडे बाबासाहेब १९५० साली बघत होते, त्याच बंधुत्वाच्या खुणेवर १९६३ साली व्हिएतनाममध्ये बंदी आली होती.

त्या दिवशी काय घडले

११ जूनच्या सकाळी साडेतीनशेच्या आसपास भिक्खू आणि भिक्खुणी मोर्चाने निघाले. पुढे एक मोटारगाडी. हातात फलक, व्हिएतनामी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतले. एका मोठ्या चौकात मोर्चा थांबला आणि भोवती कडे झाले. पासष्टी गाठलेले थिच क्वांग डुक मधोमध आसनावर बसले, अमिताभ बुद्धाला वंदन केले आणि आत्मदहन केले. एक भिक्खू ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा दोन्ही भाषांत घडते आहे ते सांगत होता. अग्निशमन दलाच्या गाडीपुढे काही भिक्खू आडवे पडले. राष्ट्राध्यक्षांना उद्देशून त्यांनी पत्र मागे ठेवले होते. त्यात शिव्याशाप नव्हते. लोकांशी करुणेने वागा आणि सर्व धर्मांना समान वागवा, एवढीच विनंती होती.

छायाचित्र काढले असोसिएटेड प्रेसच्या माल्कम ब्राऊन यांनी. काहीतरी महत्त्वाचे घडणार आहे असा निरोप पत्रकारांना आदल्या दिवशी गेला होता. बरेच जण फिरकले नाहीत, ब्राऊन आले. हे छायाचित्र जगभर गेले, १९६३ चे सर्वोत्तम वृत्तछायाचित्र म्हणून वर्ल्ड प्रेस फोटोचा मान त्याला मिळाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यापुढे आपण कुणाच्या पाठीशी उभे आहोत हा प्रश्न उभा राहिला. ऑगस्टमध्ये दिएम सरकारने पॅगोडांवर छापे घालून शेकडो भिक्खूंना पकडले. नोव्हेंबरच्या आरंभी लष्करी उठाव झाला आणि दिएम मारले गेले. फक्त एका छायाचित्राने सरकार पडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या उठावामागे सेनापतींचे आणि अमेरिकेचे हिशेब होते. पण बौद्धांचा प्रश्न जगापुढे आला, तो या चौकातून.

यात एक गोष्ट ठळक आहे. हे छायाचित्र योगायोगाने मिळालेले नाही. इंग्रजी फलक, ध्वनिक्षेपक, पत्रकारांना निरोप, जागेची निवड हे सगळे संघाने ठरवले होते. आपले म्हणणे जगाच्या डोळ्यांपर्यंत कसे पोचवायचे याचा विचार त्या भिक्खूंनी केला होता. त्यामुळे या चित्रावर ब्राऊन यांच्या कॅमेऱ्याइतकाच त्या साडेतीनशे जणांचा हक्क आहे.

चित्रातून काय गळाले

आता पुन्हा कव्हरकडे या. तीन गोष्टी गळाल्या आहेत.

पहिली, नाव. शाक्य कुळाचे नाव धारण करणारा माणूस अनामिक झाला. एकोणतीस वर्षांनी त्याच्या चित्राची ओळख एका बँडच्या नावाने होऊ लागली.

दुसरी, रंग. भांडण पाच रंगांच्या ध्वजाचे होते आणि जगाच्या स्मरणात राहिलेले चित्र बिनरंगी आहे. यात कुणाचा कट नाही, त्या काळात वृत्तसंस्थांची छायाचित्रे अशीच असत. पण परिणाम व्हायचा तो झाला. ध्वज निघून गेला आणि आग तेवढी उरली.

तिसरी, संघ. ही आम्हाला सर्वात मोठी वाटते. कव्हरच्या चौकोनात नजर एका माणसावर खिळते. मोर्चा, भिक्खुणी, फलक, गाडीपुढे आडवे पडलेले भिक्खू, हुएमध्ये मारली गेलेली मुले, पाच मागण्या यातले काही तिथे मावत नाही. एक संघटित चळवळ कापत कापत एकाकी वीरापर्यंत आणून ठेवली जाते. आणि एकाकी वीर बाजाराला सोयीचा असतो. तो टी-शर्टवर छापता येतो. अल्बम काढणारी कंपनी सोनीच्या मालकीची होती. यंत्राविरुद्धचा संताप यंत्रानेच छापला आणि विकला, अशी टीका त्या बँडवर तेव्हापासून होत आली आहे. बँडचे म्हणणे असे की लाखो तरुणांपर्यंत पोचायचे तर हाच रस्ता होता. दोन्हींत तथ्य आहे. पण पोचले काय? चित्र पोचले, मागणी पोचली नाही. आमच्या विहारातल्या त्या मुलाची छाती त्याची साक्ष होती.

आपलीही कव्हरे बघू

दुसऱ्यांच्या कव्हरावर बोट ठेवणे सोपे आहे. आपल्या भीमगीतांच्या कॅसेटची कव्हरे आठवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर दुकानांतून त्यांच्या ओळी लागायच्या. मागे बुद्धांचे मुख आणि प्रभावळ, मध्ये निळ्या कोटातले बाबासाहेब, हातात संविधान, कोपऱ्यात अशोकचक्र, खाली गायकाचा फोटो. ज्यांना ही कव्हरे भडक वाटतात त्यांनी ती नीट वाचलेली नाहीत.

त्या निळ्या कोटाचेच बघा. बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रे काळी-पांढरी आहेत. कोटात निळा रंग भरला तो आपल्या चित्रकारांनी. हा निळा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा, आणि फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये इथेच, नागपुरात झाली. पुढे रिपब्लिकन पक्षाने तोच निळा घेतला. तिकडे रंगीत ध्वजाची कहाणी बिनरंगी झाली. इकडे बिनरंगी फोटोत आपल्या माणसांनी झेंड्याचा रंग भरला. कलाशाळेत न गेलेल्या माणसांनी केलेला हा राजकीय निर्णय आहे आणि त्याचा अभिमान आपल्याला असायला हवा.

पण कापाकापी आपणही केली. आपल्या कव्हरांवर, फलकांवर, आता मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांवर बाबासाहेब बहुतेक वेळा एकटे असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ची खरी ताकद काय होती? लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने, कित्येक पायी, पांढरी वस्त्रे नेसून या शहरात आली आणि त्यांनी एका आवाजात प्रतिज्ञा घेतल्या. पांढरी वस्त्रे हीसुद्धा एक दृश्य भाषा होती. ज्यांच्या अंगावर जातीची खूण बघितली जाई ती माणसे एका रंगात उभी राहिली, आणि कोण कुठल्या गावचा, कुठल्या पोटजातीचा हे कळेना. त्या गर्दीतल्या बायका आपल्या कुठल्या कव्हरावर आहेत? भीमगीत गाजते, गायकाचा फोटो छापला जातो, आणि ते लिहिणाऱ्या शाहिराचे नाव कितीदा तरी राहून जाते.

नामांतराचा लढा घ्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळाव्या वर्षी. त्याच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नांदेडला गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी आत्मदहन केले. सायगॉनच्या भिक्खूचे चित्र जगभर अल्बमवर झळकत होते त्याच काळातली ही गोष्ट आहे. आमच्या अभ्यासवर्गातल्या किती जणांनी गौतम वाघमारे यांचा फोटो पाहिला असेल? आम्ही विचारले. एकही हात वर आला नाही. इंदोऱ्याच्या नामांतर शहीद स्मारकावरून रोज जाणारी मुले आहेत ही. एकीकडे चित्र आहे आणि नाव माहीत नाही, दुसरीकडे नाव आहे आणि चेहरा माहीत नाही. दोन्हीकडे इतिहास अर्धाच हाती येतो.

रोहित वेमुलाचेही हेच होते आहे. जानेवारी २०१६ नंतर त्याचा हसरा चेहरा प्रत्येक फलकावर आला. पण आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचे काम, वसतिगृहातून बाहेर काढल्यानंतर उघड्यावर चाललेले आंदोलन, सोबतचे चार विद्यार्थी त्या फलकावर कुठेच नसतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच ज्येष्ठांचा. रॉक ही पोट भरलेल्यांची परदेशी चैन, भीमसैनिकाला तिचे काय? आमचे उत्तर असे की १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. नाव तिकडचे, पण प्रश्न, भाषा आणि शत्रू इथले. घ्यायचे तर असे घ्यावे. कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने गिटार-ड्रमवर बुद्ध-भीमाची गाणी केलीच आहेत. वाद्याला जात नसते. डोळे मिटून घेण्यात तोटा आहे, परदेशी असण्यात नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. अशा चित्राबद्दल लिहून आपण मरणाचे गौरवगान करतो का? इथे आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. थिच क्वांग डुक, गौतम वाघमारे यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तो मार्ग आम्ही कुणाही तरुणाला सांगत नाही, आणि सांगणाऱ्याला थांबवू. बाबासाहेबांनी शिकायला, संघर्ष करायला आणि संघटित व्हायला सांगितले. या तिन्हींसाठी माणूस जिवंत लागतो. आपल्या एकेका पोराला इथपर्यंत आणायला तीन-तीन पिढ्या राबल्या आहेत. ज्याच्या मनात असा विचार येत असेल त्याने आधी विहारात यावे, मित्राला फोन करावा, आमच्यासारख्या कुणाला रात्री-अपरात्री उठवावे. चित्रातला एकाकी वीर आम्हाला खटकतो तो याचसाठी. मरणाला तो सुंदर करतो आणि भोवतीचा संघ पुसून टाकतो. एकट्याने जळणे ही चळवळ नव्हे. भोवती उभे राहिलेले साडेतीनशे जण ही चळवळ होती.

मग करायचे काय

टी-शर्ट काढून टाका असे आम्ही त्या मुलाला म्हटले नाही. उलट पुढच्या रविवारी त्यानेच विहारातल्या फळ्यावर खडूने लिहिले: थिच क्वांग डुक, सायगॉन, ११ जून १९६३, आणि खाली पाच मागण्या. त्याशेजारी दुसऱ्या मुलीने लिहिले: गौतम वाघमारे, नांदेड, नोव्हेंबर १९९३, मागणी एक. रंगीत खडूंनी कुणीतरी वर पंचशील ध्वज काढला. कुठल्याही कव्हरपेक्षा आम्हाला तो फळा मोठा वाटला.

एवढेच आपणही करू शकतो. फलक करा, गाण्याचे कव्हर करा, जयंतीचा देखावा करा, पण ज्याचे चित्र त्याचे नाव, गाव, तारीख आणि मागणी लिहिल्याशिवाय ते छापायला देऊ नका. गीत ज्याने लिहिले त्याचे नाव गायकाच्या बरोबरीने टाका. बाबासाहेबांच्या मागे प्रभावळ काढता, तशी कधी त्या पांढऱ्या वस्त्रांतल्या गर्दीलाही जागा द्या.

आणि घरातल्या पेट्या उघडा. पाचपावली, इंदोरा, बेझनबाग, कामठी इथल्या कितीतरी घरांत आजीच्या लुगड्याखाली ५६ सालचा, नामांतराच्या मोर्चाचा एखादा पिवळा पडलेला फोटो असेल. वसंत मून यांनी याच शहरातल्या आपल्या लोकांचे जगणे 'वस्ती'त लिहून ठेवले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या बायकांना बोलते केले, तेव्हा 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. चौकटीबाहेर राहिलेल्यांना चौकटीत आणण्याचे ते काम अजून संपलेले नाही. फोटो मिळाला तर आजीला विचारा, यातले कोण कोण आहे, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. सांगणारे आज आहेत. उद्या नसतील, आणि मग आपल्या लोकांची ओळखही कुणीतरी दुसऱ्याच नावाने करून देईल.

जय भीम! नमो बुद्धाय!